विसण

दोन वर्षांपूर्वी एम. ए.च्या वर्गात स्त्रियांची आत्मकथने शिकवीत असताना आम्ही सहज 'विसण' ह्या शब्दाचा अर्थ विचारला. वर्ग गप्प. एका विद्यार्थ्याने नम्रपणे मुद्रणदोष दाखवून दिला, तेथे 'वेसण' हवे. राधानगरीकडची एक मुलगी तेवढी म्हणाली, "आजी म्हणायची, बंबातलं पाणी कढत आहे, विसण घालून घे." कढत पाणी अंगाला सोसेल असे करण्यासाठी त्यात घालायचे थंड पाणी, ते विसण. नळाला दोन चाव्या आल्या आणि हे काम मुक्यानेच होऊ लागले; त्यामुळे शब्दाची गरजही संपली.

योगायोग असा की त्याच महिन्यात आमच्या घरी बंब काढून छपरावर सूर्यबंब बसवण्याची बोलणी चालली होती. आम्ही दोघेही मराठीचे प्राध्यापक. यंत्रातले आम्हाला फारसे कळत नाही. घर मंगळवार पेठेतले, पुढची बाजू आजेसासऱ्यांच्या वेळची कौलारू, मागची १९८४ साली घातलेल्या स्लॅबची. हिवाळ्यात पाणी तापवायचे कष्ट आणि उन्हाळ्यात स्लॅबखाली झोपायचे कष्ट, अशी दोन दुखणी एकदमच मिटवायची ठरली. कोल्हापूरचे इतिहास वाचताना राजवाडे, तालमी, धरणे, वसतिगृहे भेटतात; आंघोळीचे पाणी कोणी तापवले, हे मात्र कोठे भेटत नाही. म्हणून हा प्रपंच.

बंबापूर्वी न्हाणीच्या कोपऱ्यात चूल आणि तिच्यावर हंडा अशी व्यवस्था असे. हंड्याखालची बहुतेक उष्णता चुलीच्या तोंडाने आणि भिंतीवाटे वाया जाई. बंबाने विस्तव पाण्याच्या पोटातच नेऊन ठेवला. तांब्याचे गोल भांडे, मधोमध उभी नळी, तळाला जाळी, खाली राख पडायची जागा, बाजूला तोटी. नळीत ढलप्या, शेण्या, नारळाच्या करवंट्या किंवा उसाची चिपाडे टाकायची. धूर वर जाता जाता चारी बाजूंच्या पाण्याला उष्णता देतो. रशियन सामोवाराची रचनाही हीच आहे. शब्दाचे नाते पोर्तुगीज 'बोंबा'शी, म्हणजे पंपाशी, लावले जाते; आग विझवणारा बंब आणि आग पोटात बाळगणारा बंब एकाच नावाने ओळखले जावेत, ही मराठीची गंमत. पाणी संपले आणि विस्तव तसाच राहिला तर बंबाचे जोड उकलत. म्हणून बंबापाशी कोणीतरी सतत असावे लागे. ते कोणीतरी कोण, ह्यातच बंबाचा खरा इतिहास आहे.

आमच्या घरात एके काळी अकरा माणसे होती. सासूबाई पहाटे चारला उठत. आदल्या रात्री ढलप्या कोरड्या करून ठेवलेल्या असत. तरी मृग लागला की त्या सर्दावतच, आणि न्हाणी धुराने भरे. पहिली आंघोळ आजेसासऱ्यांची, मग पुरुषांची, मग शाळेत जाणाऱ्या मुलांची. प्रत्येकाने घंगाळात पाणी काढले की तेवढे थंड पाणी वरून ओतायचे, विस्तवाला जळण घालायचे. शेवटी सासूबाईंची पाळी येई तोवर नळीत राख आणि तोटीला कोमट पाणी. "मला विसण कधी लागलंच नाही," असे त्या एकदा म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता. मात्र त्या वाक्यानंतर बंबाविषयीचे आमचे स्मरणरंजन बरेच ओसरले. तांब्याची झळाळी, धुराचा तो वास, दिवाळीची पहाट ह्यांवर ललित लेख पुष्कळ लिहिले गेले आहेत. ते बहुधा पहिल्या तीन आंघोळींत नंबर असणाऱ्यांनी लिहिले असावेत.

अर्थात बंब असणे हेच मुळात ऐपतीचे लक्षण होते. ज्यांना पाणवठ्यावरच मज्जाव होता त्यांच्या बाबतीत ऊन पाण्याची गोष्ट फार पुढची. राजवाड्यात नोकरीला असलेल्या गंगाराम कांबळे ह्यांना हौदाला हात लावला म्हणून मारहाण झाली, हा प्रसंग ह्याच गावातला. पुढे त्यांनी चहाचे दुकान काढले आणि शाहू महाराज तेथे मुद्दाम चहा घेऊ लागले, हेही ह्याच गावातले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा महाराजांचा हुकूम १९१९चा आहे. पाण्याच्या इतिहासात हा हुकूम आधी ठेवावा लागतो, बंब नंतर.

आता छपराकडे वळू. ह्या भागात गुऱ्हाळाचे आणि गरिबाचे छप्पर उसाच्या पाल्याचे असे. पाल्यात अडकलेली हवा ऊन आत येऊ देत नाही, हे कोणी शास्त्र म्हणून शिकवले नव्हते. त्यावरची पायरी कुंभाराच्या हातच्या नळीच्या कौलांची. ती वाऱ्याने, मांजरांनी सरकत. म्हणून दर वर्षी पावसाआधी कौले चाळून घर शाकारावे लागे. 'शाकारणी' हाही आता टीप देऊन समजावण्याचा शब्द झाला. बासेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्टने १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि एकमेकांत अडकणारी, साच्यातली, लाल चपटी कौले पश्चिम किनाऱ्यावरून सर्वदूर गेली. कोल्हापूर मिरजेशी रेल्वेने जोडले गेले ते १८९१ साली. जड माल वाहण्याचे साधन त्यामुळे शहराच्या दाराशी आले. जुन्या घरांत ह्या कौलांखाली माळा, माळ्याखाली तक्तपोशी. कौलांच्या फटींतून ऊन हवा निघून जाई आणि माळ्यावरची अडगळ, म्हणजे गवत, पोती, जुन्या वह्या, खालच्या माणसाचे उन्हापासून रक्षण करी.

मग स्लॅब आला. 'स्लॅबचे घर' हा शब्दप्रयोग लग्नाच्या बैठकीत मुलाच्या पदवीशेजारी उच्चारला जाऊ लागला. शाकारणी नको, गळती नको, वर मजला चढवता येतो, गच्चीवर पापड वाळतात. हे फायदे खरेच होते; शाकारणीसाठी छपरावर चढणाऱ्याच्या जिवाला धोका असे, हेही विसरू नये. पण माळा गेला. कोल्हापूर सुमारे १६.७ उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस येथे दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. भिंतींना त्या वेळी तिरपे ऊन लागते, छपराला सरळ. दिवसभर तापलेले काँक्रीट रात्री ती उष्णता खाली सोडते. जुने गवंडी स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा जाड कोबा घालत; तो पाण्यासाठी असला तरी उन्हालाही थोडा अडवी. आमच्या मागच्या भागावर काटकसर म्हणून तोही पातळ घातला होता.

सूर्याकडून काम करून घेण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. मुंबईत विल्यम ॲडम्स नावाचा इंग्रज अधिकारी होता. त्याने आरशांनी ऊन एकवटून बाष्पक तापवला आणि अडीच अश्वशक्तीचे यंत्र चालवून दाखवले. उष्ण देशांत इंधनाऐवजी सूर्य वापरावा, अशा आशयाचे त्याचे पुस्तक १८७८ साली मुंबईतच निघाले. त्याच सुमारास कोल्हापुरात मेजर मँटच्या आराखड्यावरून नव्या राजवाड्याचे बांधकाम सुरू होते. ॲडम्सचे पुस्तक बाजूला पडले. १८९१ साली, म्हणजे कोल्हापूरला रेल्वे आली त्याच वर्षी, अमेरिकेत बाल्टिमोरच्या क्लॅरन्स केम्पने पाणी तापवण्याच्या सूर्यपेटीचे पेटंट घेतले. तिच्यात पाणी तापे, पण रात्री निवूनही जाई. १९०९च्या सुमारास कॅलिफोर्नियात विल्यम बेलीने तापवणारी पेटी आणि साठवणारी टाकी वेगळी केली, टाकी वेष्टनात गुंडाळली. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर टाकीत चढते, थंड पाणी खाली येते; पंप लागत नाही. आज आमच्या डोक्यावर आहे ती हीच युक्ती.

आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट टाकीच्या वेष्टनाची. सूर्य पाणी तापवतो दुपारी आणि आपली आंघोळ पहाटे. हा तिढा सोडवतो तो टाकीभोवतीचा पॉलियुरेथेनचा फेस. त्याच जातीचा फेस, पण पत्र्यांच्या रूपात, आम्ही स्लॅबवर घातला. एकीकडे ऊब आत राखायची, दुसरीकडे बाहेर रोखायची, काम एकच. नव्या घरांसाठी केंद्र सरकारने २०१८ साली 'इको निवास संहिता' काढली. तिच्यात छपरातून आत येणाऱ्या उष्णतेचा दर चौरस मीटरला, दर अंशाला १.२ वॅटपर्यंत असावा असे म्हटले आहे. नुसत्या स्लॅबचा आकडा तीनच्याही वर जातो. आमचे घर जुने, संहिता आम्हाला लागू नाही, पण घाम सर्वांना सारखाच येतो. १०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला सुमारे साडेतीन युनिट वीज लागते. तेव्हा विजेच्या गीझरच्या तुलनेत सूर्यबंब स्वस्त पडतो, हे सांगायला अर्थशास्त्राचे प्राध्यापक नकोत.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. ठेकेदाराने फेसावरच्या थराला मोरीच्या दिशेने पुरेसा उतारच दिला नाही. पहिल्याच पावसात पाणी साचले, आणि मराठी विभागाच्या जुन्या दिवाळी अंकांवर ओल उतरली. थर उकरून पुन्हा घालावा लागला. सूर्यबंबही जुलै-ऑगस्टात रुसतो. येथला पाऊस आठवडेच्या आठवडे सूर्य दिसू देत नाही. पूर्वी मृगाआधी जळण कोरडे करून ठेवत, आता टाकीतल्या विजेच्या कांडीचे बटण तपासतो. २०१९च्या ऑगस्टात पंचगंगेच्या पुराने उपसा केंद्रे बुडाली, शहराचे नळ कित्येक दिवस कोरडे होते. तेव्हा आमच्याकडे बंब होता आणि बंबात घालायला पाणी नव्हते.

सासूबाईंना आता शेवटची आंघोळ मिळते ती स्वतःच्या मर्जीने. दुपारी बाराला, पाणी चांगले कढत असते तेव्हा. पहिल्या दिवशी बादली भरून त्यांनी हात घातला, चटका बसला, आणि त्यांनी आम्हाला हाक मारून विसण मागितले.

एक प्रश्न उरला होता. नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी पाणी भरायचे असते. बंब चिंचेने घासायचा, त्याला कारिटाचा वेल बांधायचा, भोवती रांगोळी घालायची, हळदकुंकू वाहून मग पाणी भरायचे. सीमेपलीकडे कन्नड घरांतही हा 'नीरु तुंबुव हब्ब' असाच होतो. आता हे कोठे करायचे? गच्चीवरच्या टाकीपर्यंत सासूबाईंना चढता येत नाही. बंब आम्ही मोडीत घातला नव्हता. तांब्याचा भाव ऐकून मोह झाला होता, इतकेच. त्यांनी तो न्हाणीत आणवला, घासून घेतला, बादलीने काठोकाठ भरला. वेल मात्र त्यांनी दोन ठिकाणी बांधला, एक बंबाला आणि एक ऊन पाण्याच्या नळाला. पहाटे सगळ्यांच्या आंघोळी नळाच्या पाण्याने झाल्या. बंबातले पाणी दुपारी कामवाल्या मावशींनी अंगण धुवायला घेतले.