ओरुक्टर अँफिबोलोस : एक संदिग्ध यंत्र

पाणथळ जागेतला गाळ उपसणारी उभयचर यंत्रे आता अनेक देशांत वापरात आहेत. दोन्ही बाजूंना पोकळ, बंदिस्त तराफे आणि त्यांच्याभोवती फिरणारे साखळीचे पट्टे. दलदलीत वजन पसरते, पाण्यात यंत्र तरंगते. या कुळाचा मूळपुरुष शोधू लागले की वाट १८०५ सालच्या फिलाडेल्फियात जाते. भाषेच्या अभ्यासकांनी तिथे थोडे थांबावे, असे आम्हाला वाटते.

१७९३ साली पिवळ्या तापाने त्या शहरातील सुमारे ५००० माणसे दगावली. पुढेही साथ परतत राहिली. रोगाचे मूळ कुजक्या हवेत आहे, असे अनेक वैद्य मानीत. डॉ. बेंजामिन रश यांनी तर धक्क्यावर सडलेल्या कॉफीकडे बोट दाखवले होते. साहजिकच गोदीतला गाळ हा आरोग्य मंडळाच्या चिंतेचा विषय झाला. (ताप डासांमुळे पसरतो हे १९०० साली क्यूबात सिद्ध झाले. म्हणजे यंत्र जन्मले ते चुकीच्या निदानातून!)

मंडळासाठी ऑलिव्हर इव्हान्स याने सपाट तळाची होडी बांधून तीवर वाफेचे इंजिन आणि गाळ उपसणाऱ्या बादल्यांची माळ बसवली. आपल्याकडील रहाटगाडग्याची आठवण व्हावी अशी ही रचना. कारखाना पाण्यापासून दूर, म्हणून होडीला चाके लावली; ती स्वतःच्या वाफेवर रस्त्यातून चालली, सेंटर स्क्वेअरला फेरी मारून स्कूलकिल नदीत उतरली आणि मागे लावलेल्या वल्ह्यांच्या चाकाने पुढे गेली, असे इव्हान्स सांगतो. प्रेक्षकांकडून त्याने २५ सेंटही मागितले होते.

यंत्राला त्याने भारदस्त ग्रीक नाव दिले. ‘ओरुक्टर’ म्हणजे खोदणारा, हे ठीकच. परंतु जमीन व पाणी दोहोंत वावरणाऱ्यासाठी ग्रीक शब्द आहे ‘अँफिबिओस’. ‘अँफिबोलोस’ म्हणजे द्व्यर्थी, संशयास्पद. मम्मटाने ‘संदिग्ध’ म्हणून जो काव्यदोष सांगितला, त्याचाच हा ग्रीक भाऊबंद. चाके बनवणाऱ्या कारागिराच्या हाताखाली शिकलेल्या इव्हान्सला हे ग्रीक कोणी पुरवले, कोण जाणे!

गंमत अशी की नाव यंत्राला शोभले. रस्त्यावरील त्या प्रवासाचा मुख्य साक्षीदार स्वतः इव्हान्सच. तो साक्षीदार तटस्थही नव्हता. वाफेच्या गाडीचे हक्क त्याला मेरीलँडने १७८७ साली दिले, पण पेनसिल्व्हेनियाने नाकारले होते. पुढे १८०७ साली रॉबर्ट फुल्टनची आगबोट चालली आणि श्रेय तिकडे गेले. डावलल्या गेलेल्या माणसाची हकिगत आपण खोटी म्हणत नाही, पण बखर वाचताना ठेवतो तेवढी सावधगिरी इथेही हवी. ‘अमेरिकेतील पहिले स्वयंचलित वाहन’ हे वाक्य निःशंकपणे छापणारे ती ठेवत नाहीत. यंत्र मुळीच नव्हते, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. ते किती चालले, हाच प्रश्न आहे.

गाळ उपसण्याच्या मूळ कामात त्याला यश आले नाही आणि काही वर्षांतच ते मोडीत निघाले. इव्हान्स १८१९ साली वारला. आज सर्वत्र छापले जाणारे त्या यंत्राचे चित्र १८३४ सालचे आहे.