आठ गळांची होडी आणि आपलं धरण

जुलै १९५७ या एका महिन्यात माशांच्या जगात दोन गोष्टी घडल्या. १० जुलैला ओडिशात हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञाने कार्प जातीच्या माशांना पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून साठलेल्या पाण्यात अंडी घालायला लावली. तोपर्यंत रोहू-कटला वाहत्या, पुराच्या नदीतच अंडी घालत. आणि ३१ जुलैला अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, एनिड नावाच्या धरणावर, फ्रेड ब्राइट या माणसाच्या गळाला ५ पौंड ३ औंसांचा, म्हणजे साधारण २.३५ किलोचा, पांढरा क्रॅपी लागला. पाव-अर्ध्या किलोत संपणाऱ्या या माशाचा हा जागतिक विक्रम पुढे साठ वर्षांहून जास्त टिकला.

या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण मी बुलडाणा जिल्ह्यातल्या वडनेर भोलजीचा. आमचा भाग पूर्णेच्या खोऱ्यातला, जिल्ह्यात धरणं बरीच. आपल्या धरणात काठीला गळ लावून बसणाऱ्याला कुणी विचारत नाही आणि तिकडच्या धरणावर आठ-आठ काठ्या लावलेल्या होड्या फिरतात, हे असं का झालं, ते शोधायला लागलो की या दोन तारखांपाशी येऊन थांबावं लागतं.

आधी ती होडी नीट बघू, कारण तिच्या रचनेतच बराचसा इतिहास आहे.

होडी चपट्या बुडाची, अॅल्युमिनियमची किंवा फायबरची. बसायच्या खुर्च्या अगदी पुढच्या टोकाला, शेजारी-शेजारी दोन. समोर एक आडवा दांडा आणि त्यावर काठ्या अडकवायचे आठ खोबणे. प्रत्येक काठी बारा ते सोळा फूट लांब. सगळ्या पसरल्या की कोळ्याच्या पायांसारख्या दिसतात, म्हणून या पद्धतीला तिकडे ‘स्पायडर रिगिंग’ म्हणतात. तीसेक फूट रुंदीचं पाणी एकाच वेळी चाळलं जातं. प्रत्येक दोरीला दोन गळ आणि दोन्हींच्या मध्ये पंधरा ते तीस ग्रॅमचं शिसं. आठ काठ्या, सोळा गळ. होडी पुढून ओढणारी बॅटरीवरची छोटी मोटर पायाने चालवायची, ताशी जेमतेम अर्धा ते एक किलोमीटर वेगाने. आपण रमतगमत चालतो त्याच्या कितीतरी कमी.

एवढं हळू का? कारण सगळा खेळ खोलीचा आहे. क्रॅपी तळाशी बसत नाही आणि वरही तरंगत नाही. मधल्याच कुठल्या तरी थरात थवा करून थांबतो, आणि खाद्य वरच्या बाजूला बघून घेतो. गळ त्याच्या जरासा वर असला तर तो उठून येतो, खाली गेला तर ढुंकून बघत नाही. होडीने वेग घेतला की दोरी मागे कलते, गळ वर उचलला जातो, आणि आठ फुटांवर लावलेला गळ प्रत्यक्षात किती फुटांवर आहे हे कुणालाच कळत नाही. शिसं त्यासाठी, दोरी सरळ उभी राहावी म्हणून. वारा सुटला तर काही जण होडीमागे लोखंडी साखळ्या सोडतात, म्हणजे होडी भरकटत नाही.

काठीचं टोक मऊ लागतं, कारण या माशाचं तोंड कागदासारखं पातळ. ताठ काठीने हिसका दिला की ओठ फाटतो आणि मासा जातो. त्यामुळे काठी हातात धरायचीच नाही. ती खोबणीत राहते, नजर आठ टोकांवर ठेवायची आणि एक टोक वाकलं की ती काठी शांतपणे उचलायची.

आता यातला मुद्दा. पहिल्या दोन काठ्या सहा फुटांवर, पुढच्या दोन आठवर, मग दहा, मग बारा. पाणी गढूळ आहे, मासा दिसत नाही. अर्ध्या तासात कोणती काठी जास्त वाकते ते कळतं, आणि मग सगळ्या काठ्या त्या खोलीवर आणायच्या. ज्यांनी कोड लिहिलंय त्यांना हे ओळखीचं वाटेल: उत्तर माहीत नाही, एकेक तपासायला वेळ नाही, तर आठ ठिकाणी एकदम विचारा. होडीच्या मागे लांब दोऱ्या सोडून ओढायची दुसरी पद्धतही आहे. तिच्यात शिसं नसतं, दोरीची लांबी आणि होडीचा वेग यांवर खोली ठरते. होडी वळली की बाहेरच्या बाजूच्या दोऱ्या वेग घेऊन वर येतात आणि आतल्या खाली जातात. मासा कोणत्या बाजूला लागला यावरून पुढचा वेग ठरवायचा. मला ही जास्त हुशारीची वाटते, पण गुंता झाला की अर्धा दिवस गेला.

गावाजवळच्या एका पाझर तलावावर मी हेच वेगळ्या रूपात पाहिलं आहे. बहात्तरच्या दुष्काळानंतर असे तलाव महाराष्ट्रभर झाले. तिथे एक भोई काका काठावरच्या चिखलात पाच वेळू रोवून बसतात. तरंगा धांड्याच्या तुकड्याचा, आमिष गांडुळाचं किंवा कणकेचं. तरंग्यापासून गळापर्यंतची दोरी प्रत्येक वेळूला वेगळी. मी विचारलं, पाच कशाला? म्हणाले, “एकच गरी टाकून बसला तं मासा कोठी हाये ते सांजलोक समजत नाई बाबू. पाच टाकल्या का एक तरी सांगते.” त्यांनी मिसिसिपीचं नाव ऐकलेलं नाही. ऐकायची गरजही नाही.

म्हणजे अक्कल दोन्हीकडे सारखी. फरक पडला तो पाण्याभोवतीच्या व्यवस्थेत.

१९२७ साली मिसिसिपी नदीला प्रचंड पूर आला. त्यानंतर अमेरिकी सैन्याच्या अभियंत्यांनी उपनद्यांवर पूर अडवायला धरणं बांधली: सार्डिस १९४० मध्ये, अर्काबट्ला १९४३ मध्ये, एनिड १९५२ मध्ये आणि ग्रेनाडा १९५४ मध्ये. ही आजही क्रॅपीची सगळ्यात नावाजलेली पाणी. क्रॅपी तिथला स्थानिक मासा आणि साठलेल्या पाण्यात आपला आपण वाढणारा. त्याला कुणी इंजेक्शन द्यावं लागलं नाही.

याच काळात सामान बदलत होतं. बॅटरीवरची होडीची मोटर १९३४ मध्ये नॉर्थ डकोटातल्या फार्गोला निघाली होती. महायुद्धानंतर फायबरग्लासच्या काठ्या आल्या आणि नायलॉनची दोरी आली. त्याआधी काठी बांबूची. इथे एक मजा आहे: एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बांबूच्या चिरफळ्या जोडून ज्या उंची काठ्या बनवत, त्यांचा बांबू ‘कलकत्ता केन’ म्हणून ओळखला जाई, कारण तो बंगालमधून जहाजाने जायचा. वडनेरवरून जाणारा महामार्ग ज्या शहराला जातो, तेच कलकत्ता. म्हणजे कच्चा माल आपला, काठी त्यांची. कापसाच्या बाबतीत वऱ्हाडाला ही गोष्ट नवीन नाही.

पण माझ्या मते खरा फरक एका कायद्याने पडला. १९५० साली अमेरिकेत डिंगेल-जॉन्सन कायदा आला. काठ्या, रीळ, कृत्रिम आमिषं यांच्या उत्पादनावर १० टक्के कर, आणि तो पैसा राज्यांना फक्त गळाच्या मासेमारीसाठी परत. माशांची मोजणी, तलावांची देखभाल, होड्या उतरवायचे धक्के, सगळं त्यातून. जितक्या काठ्या विकल्या जातील तितका पैसा पाण्याला. आठ काठ्या लावणारा माणूस त्या हिशोबात आठपट उपयोगाचा! मर्यादाही आल्याच. काही राज्यांत माणशी दोन किंवा तीनच काठ्या चालतात, तिथे ही कोळ्याच्या पायांची होडी जमतच नाही.

आपल्याकडे याच वर्षांत धरणं झाली ती सिंचनासाठी. आमच्या जिल्ह्यातलं नळगंगा १९६०च्या दशकातलं. पाण्यात मासा हवा, तर बीज सोडायला हवं. पूर्वी ते पावसाळ्यात नद्यांतून गोळा करावं लागे. १९५७ च्या त्या प्रयोगानंतर बीज केंद्रात तयार करता येऊ लागलं, आणि आज गावोगावच्या तलावांतला रोहू, कटला, मिरगल त्याच वाटेने आलेला आहे. पण बीज कुणी तरी विकत घेऊन सोडलेलं, म्हणजे मासा कुणाच्या तरी मालकीचा. म्हणून ठेका आला, मच्छीमारांच्या सहकारी संस्था आल्या, आणि हत्यार ठरलं जाळं. हे तर्काला धरूनच झालं. देशाला प्रथिनं हवी होती, मनोरंजन नको होतं, आणि भोई-ढिवर कुटुंबांना पोटापाण्याचा हक्क मिळावा हा हेतू चांगलाच होता. मला त्याची चेष्टा करायची नाही. पण त्या हिशोबात गळाला रकाना उरला नाही. काका ज्या कौशल्याने पाच वेळू लावतात, त्याची नोंद ना मत्स्यव्यवसायाच्या आकड्यांत, ना खेळाच्या.

गंमत म्हणजे गळाच्या मासेमारीवरचं जगातलं एक फार जुनं लिखाण आपल्याच दख्खनमधलं आहे. कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या आसपास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. मराठीच्या अगदी जुन्या ओळी ज्यात सापडतात असं शाळेत सांगतात, तोच हा. राजाने काय करावं, खावं, खेळावं याचे शंभर अध्याय, आणि त्यात एक ‘मत्स्यविनोद’. पस्तीसेक जातींचे समुद्रातले आणि गोड्या पाण्यातले मासे, कोणता काय खातो, त्याला गळाशी कसं आणायचं. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या अध्यायावर सविस्तर लेख लिहिला, आणि पुढे नलिनी साधले आणि य. ल. नेने यांनीही त्याचा अभ्यास केला.

कोणता मासा कोणत्या खाद्यावर भुलतो हे कळायला पाण्याकाठी वर्षं घालवावी लागतात. राजाला राज्य होतं, लढाया होत्या. ही माहिती कुणा तरी दोर वळणाऱ्या, काठ्या तासणाऱ्या माणसांकडून दरबारात गेली असणार असं मला वाटतं. ग्रंथावर नाव राजाचं आहे आणि त्याने ते लिहून ठेवलं म्हणून आज आपल्याला कळतं, हेही खरं. साहेबांच्या काळात तसंच. एच. एस. थॉमस या मद्रासच्या सनदी अधिकाऱ्याने १८७३ मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ आणि १८८७ मध्ये खास तलावातल्या मासेमारीवर ‘टँक अँगलिंग इन इंडिया’ लिहिलं. नऊशे वर्षांत आपल्या पाण्यावरच्या गळाबद्दल लिहिलं ते प्रामुख्याने ज्यांचं पोट त्यावर नव्हतं त्यांनी.

तिकडेही आता चित्र पालटतंय. २०१८ मध्ये गार्मिन कंपनीने असं सोनार बाजारात आणलं की होडीसमोरचा मासा पडद्यावर हलताना दिसतो. मग आठ काठ्या कशाला? एकच लांब काठी घ्या, पडद्यावर मासा शोधा, त्याच्या डोक्यावर गळ सोडा. स्पर्धांत अनेकांनी खोबणींचे दांडे काढून ठेवले, आणि माशाला लपायला जागाच उरली नाही म्हणून हे सोनार आवरावं का, यावर भांडणं चालू आहेत. धंद्याने मी सेन्सर आणि डेटाच्या बाजूचा, तरी इथे माझं मत आठ काठ्यांच्या बाजूने. त्यात माणसाला अंदाज बांधावा लागतो, आणि माशाला नाही म्हणायची संधी असते.

आमच्या नांदुरा तालुक्यात पूर्णा नदीवर जिगावचा प्रकल्प गेली कित्येक वर्षं चालू आहे. गावं उठताहेत, जमिनी जाताहेत, मोबदल्याची आंदोलनं होताहेत. मासे हा त्यात सगळ्यात शेवटचा विषय आणि तसाच असायला हवा. पण ते पूर्ण भरेल तेव्हा जिल्ह्यातलं सगळ्यात मोठं पाणी आमच्या तालुक्यात असेल. बीज कोण सोडणार, ठेका कुणाला, हे ठरवणारे कागद तयार होतील. त्या कागदांत काठावरून गळ टाकणाऱ्यासाठी एखादी ओळ असावी, नाममात्र फीचा परवाना, दिवसाला ठरावीक मासे, जाळ्यापासून राखलेला थोडा काठ, एवढंच मला सुचतं. हे काकांना सांगितलं, तर त्यांनी धरणाची भिंत किती उंच आहे ते विचारलं. मग वेळूकडे बघून म्हणाले, “येवढ्या खोल पान्याले ह्या नाई पुरनार. लांब लागतीन.”