एका पुस्तकावर थांबलेली लेखणी

बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ मध्ये पुण्यात छापले गेले. प्रती ५००, किंमत ९ आणे. खपाचा हिशेब गौण आहे. शिव्याशाप मात्र सत्यशोधक म्हणविणाऱ्यांकडूनही मिळाले. जोतीराव फुले यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. तरी दुसरे पुस्तक आले नाही.

जोतीरावांचे ‘तृतीय रत्न’ नाटकही दक्षिणा प्राइझ कमिटीने १८५५ मध्ये नाकारले होते. ते लिहीत राहिले, कारण घरात सावित्रीबाई होत्या, १८७३ नंतर सत्यशोधक समाज होता. ताराबाईंना वडिलांनी शिकविले खरे. पण छापखाना, वाचक, सोबती सारे पुण्यात! स. गं. मालशे यांनी पुस्तक पुन्हा छापले ते १९७५ मध्ये, ९३ वर्षांनी.