नथनेलाची शंका आणि एक सामना

प्रतिस्पर्ध्याचे बळ जोखताना माणूस पुष्कळदा त्याचे गावच जोखतो. १ नोव्हेंबर १९१३ रोजी अमेरिकेतील वेस्ट पॉइंट येथे लष्करी अकादमीविरुद्ध नोत्र दामचा संघ अमेरिकन फुटबॉल खेळण्यास उतरला. होली क्रॉस धर्मसंघाचे फादर एडवर्ड सोरिन ह्यांनी १८४२ साली इंडियानात स्थापिलेली ही कॅथलिक संस्था पूर्वेकडील क्रीडाप्रेमींना फारशी परिचित नव्हती. चेंडू पुढे फेकण्याची मुभा १९०६ पासून होती. पण भरवसा अंगबळावरच अधिक. गस डोराईस व क्नूट रॉक्नी ह्यांनी मात्र उन्हाळाभर एरी सरोवराकाठी फेकझेलीचा सराव केला होता. निकाल लागला ३५-१३, नोत्र दामच्या बाजूने!

विजयाने पूर्वग्रह मिटत नाहीत. १९२४ च्या मे महिन्यात कॅथलिकद्वेष्टे कू क्लक्स क्लॅन साउथ बेंड येथे जमले, तेव्हा त्यांची विद्यार्थ्यांशी झटापट झाली.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ज्या रॉक्नींचा कॅथलिकांना एवढा अभिमान, ते १९१३ साली ल्युथरन होते. कॅथलिक श्रद्धा त्यांनी १९२५ साली स्वीकारली. म्हणजे परका कोण आणि आपला कोण, हा अंदाज आपलाही चुकू शकतो. नाझरेथविषयी शंका घेणाऱ्या नथनेलाशी फिलिपाने वाद घातला नाही. त्याला येऊन पाहण्यास सांगितले.