जुलैमधली सुरमई येते कुठून? मासळीचे भाव वर्षभर का बदलतात, समजून घ्या

जुलैचा पाऊस सुरू असतो. कोकणातल्या बंदरांत यांत्रिक बोटी किनाऱ्याला शाकारून ठेवलेल्या असतात. तरीही मुंबई-पुण्याच्या बाजारात सुरमई दिसते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर 'आजची ताजी' असा मेसेजही येतो. भाव मात्र असा असतो की अख्ख्या सुरमईऐवजी चार तुकड्यांवर भागवावं लागतं.

बोटी बंद असतील, तर ही सुरमई येते कुठून? आणि दोन-तीन महिन्यांनी तीच स्वस्त का होते?

दोन किनारे, दोन बंद्या

पश्चिम किनाऱ्यावर दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा समुद्र राज्य सरकारच्या अखत्यारीत येतो आणि त्यापुढचा केंद्राच्या. या काळात समुद्र खवळलेला असतो, आणि बऱ्याच माशांचा हा प्रजननाचाही काळ असतो. यंत्र नसलेल्या पारंपरिक होड्यांना बंदीतून सूट आहे, पण पावसाळी समुद्रात त्या फार लांब जाऊ शकत नाहीत.

पूर्व किनाऱ्यावरची बंदी मात्र १५ एप्रिल ते १४ जून अशी असते. म्हणजे आपल्या बोटी बंद झाल्यावर दोन आठवड्यांत तमिळनाडू, आंध्र, ओडिशाच्या बोटी सुरू होतात. जुलैमधली सुरमई बहुतेक वेळा बंगालच्या उपसागरातून बर्फात आलेली असते, नाहीतर मे महिन्यात पकडून शीतगृहात ठेवलेली असते. दोन्हींत खाण्यायोग्य नाही असं काही नाही. फक्त तिला 'आजची' म्हणणं खरं नाही, आणि वाहतूक, बर्फ, साठवणूक हे सगळं तुमच्या बिलात येतं.

या दोन महिन्यांत जवळचं आणि खरोखर ताजं हवं असेल, तर खाडीतली बोय, निवट्या, खेकडे आणि गोड्या पाण्यातले रोहू-कटला हे पर्याय आहेत. कोळंबीही मिळते, पण ती बहुतांशी तळ्यातली 'व्हनामी' असते. भारतात तिच्या संवर्धनाला २००९ पासून परवानगी मिळाली, आणि आंध्र प्रदेश त्यात सगळ्यात पुढे आहे. वर्षभर मिळणारी, एकसारख्या आकाराची कोळंबी दिसली की ती समुद्रातली नाही असं समजायला हरकत नाही.

गटारी महाग, श्रावण स्वस्त

बंदी इंग्रजी तारखेने उठते, पण खाणाऱ्यांचा हिशेब पंचांगाने चालतो. गंमत इथेच आहे.

आषाढ अमावास्येला, म्हणजे गटारीला, मासळी-मटणाची मागणी वर्षातल्या सर्वाधिक मागणीच्या दिवसांइतकी असते. २०२५ मध्ये ही अमावास्या २४ जुलैला आली, म्हणजे ऐन बंदीत. मागणी जास्त आणि माल कमी. २०२४ मध्ये ती ४ ऑगस्टला होती, म्हणजे बोटी समुद्रात गेल्यानंतर.

त्यानंतर श्रावण लागतो आणि अनेक घरांत मांसाहार बंद होतो. नेमक्या याच दिवसांत ट्रॉलर कोळंबी घेऊन परतायला लागतात. अनेक कोळी कुटुंबं मात्र नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्यावरच होडी लोटतात. तिकडे माल वाढत जातो आणि इकडे गिऱ्हाईक अर्धं होतं. श्रावण न पाळणाऱ्यांसाठी कोळंबी घ्यायची ही चांगली वेळ असते.

असंच पुन्हा मार्गशीर्षातल्या गुरुवारी घडतं. नोव्हेंबर-डिसेंबर हा मासळीच्या भरपूर आवकेचा काळ, पण गुरुवारी बाजारात गर्दी नसते. एरवीही बुधवार, शुक्रवार, रविवार हे तेजीचे वार. सोमवारी संध्याकाळी गेलात तर घासाघीस करायला जास्त वाव असतो. नाताळ ते ३१ डिसेंबर या आठवड्यात मात्र, विशेषतः गोवा, मालवण, अलिबागमध्ये, स्वस्त काही मिळेल ही अपेक्षा सोडून द्यावी.

कोणता मासा कधी?

पावसाळ्यानंतर, सप्टेंबरपासून, बांगडा आणि तारलीचे थवे किनाऱ्याजवळ येतात. सिंधुदुर्ग आणि गोव्यात रापण ओढली जाते ती यांच्यासाठीच. हे मासे थव्याने मिळतात, त्यामुळे त्यांचे भाव एका दिवसात कोसळतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चढतात. मोठ्या पर्ससीन जाळ्यांना राज्यात २०१६ च्या आदेशानुसार फक्त सप्टेंबर ते डिसेंबर अशी मुभा आहे. पर्ससीनवाल्यांना थवा लागला की बाजार भरतो, पण रापणकारांच्या जाळ्यात काय उरतं, यावरून मालवणच्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षं वाद सुरू आहे.

सुरमई, हलवा, पापलेट हेही पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत जास्त येतात. पण या काळाला एक धोका असतो, तो वादळांचा. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अरबी समुद्रात आधी 'क्यार' आणि पाठोपाठ 'महा' ही चक्रीवादळं आली, आणि ऐन हंगामात बोटी बंदरात परतल्या. अशा आठवड्यात भाव चढले तर त्यात विक्रेत्या मावशींचा दोष नसतो.

आता बोंबील. पालघरपासून रायगडपर्यंतचा हा मासा मुख्यतः डोल जाळ्यात मिळतो. डोल ही पिशवीसारखी जाळी, समुद्रात खुंटाला बांधून ठेवलेली. ती माशाच्या मागे जात नाही. पाण्याच्या ओढीबरोबर बोंबील, करंदी, जवळा आपसूक आत ढकलले जातात. त्यामुळे बोंबलाचा भाव चंद्रावर ठरतो, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाण्याला जोर असतो, डोली भरतात. अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीतला फरक कमी होतो. त्याला भांग म्हणतात. तेव्हा पाणी सुस्त आणि डोलीही हलक्या. उधाणाच्या दिवसांत बोंबील घ्या. भांगात त्यासाठी जास्त पैसे मोजावे लागतात आणि माल शिळा असण्याची शक्यताही वाढते. बोंबलात पाण्याचं प्रमाण इतकं असतं की तो सगळ्यात आधी खराब होतो.

'ताजी' या शब्दाचा अर्थही बोटीवर अवलंबून असतो. डोलीची होडी त्याच दिवशी परतते. मोठा ट्रॉलर अनेक दिवस समुद्रात राहतो, आणि पहिल्या दिवशी मिळालेला मासा बर्फाच्या थराखाली परतीची वाट बघतो. ससून डॉकवर पहाटे लिलावात दोन्ही प्रकारचा माल शेजारी-शेजारी असतो.

वाटा छोटा होतो, भाव तोच राहतो

घाऊक बाजारात लिलाव होतो, तर किरकोळ बाजारात छोटी मासळी अजूनही किलोवर कमी आणि वाट्यावर जास्त विकली जाते. त्यामुळे महागाई चटकन दिसत नाही. शंभराचा वाटा शंभरालाच राहतो, फक्त त्यातले मांदेली किंवा बोंबील मोजले तर कमी झालेले असतात.

पापलेटचं गणित वेगळं आहे. सातपाटीसारख्या पापलेटसाठी प्रसिद्ध बंदरात ते वजनाप्रमाणे प्रतवारी करून विकलं जातं. नग जितका मोठा, तितका किलोचा दर जास्त. मोठ्या पापलेटचा दर मुंबईत हजाराच्या पुढे गेलेला असतो. म्हणूनच छोट्या पापलेटचा वाटा मोह घालतो. तळायला बरा, खिशाला परवडणारा.

पण त्या वाट्याची किंमत नंतर मोजावी लागते. माशाची लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं. आज ताटात आलेली आठ पिल्लं म्हणजे वर्षभरानंतर समुद्रात नसलेले आठ मोठे मासे, शिवाय त्यांनी घातली असती ती अंडी वेगळीच. पापलेटला २०२३ च्या सप्टेंबरमध्ये महाराष्ट्राचा 'राज्य मासा' जाहीर करण्यात आलं, त्यामागे घटत चाललेलं उत्पादन हे मोठं कारण होतं. त्याच वर्षी राज्याने ५४ प्रजातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे, म्हणजे तुमच्या हातातल्या मोबाइलपेक्षा थोडी कमी. बाजारात पापलेटशेजारी फोन धरून बघा. त्याहून बरंच लहान असेल तर ते पकडायलाच नको होतं. नियम मोडणाऱ्या बोटीवर कारवाई सरकारने करायची, हे खरंच. पण गिऱ्हाईक नसेल तर ती पिल्लं लिलावात येणारही नाहीत.

कालवं, तिसऱ्या आणि चिंबोऱ्या

शिंपल्यांना बोट लागत नाही, ओहोटी लागते. खडकावरची कालवं फोडणं आणि खाडीच्या चिखलातून तिसऱ्या वेचणं हे मुख्यतः बायकांचं काम. पाणी किती उतरतं त्यावर त्या दिवशीचा माल ठरतो, म्हणून इथेही उधाणाचे दिवस चांगले. तिसऱ्या घेताना तोंड मिटलेल्या घ्याव्यात. उघडी शिंपली टकटक करूनही मिटली नाही तर ती मेलेली आहे.

चिंबोऱ्या अमावास्येला भरलेल्या आणि पौर्णिमेला पोकळ असतात, असं कोकणात सर्रास सांगितलं जातं. खात्रीची गोष्ट एवढीच, की चिंबोरी कात टाकते, आणि नवं कवच आल्यावर काही दिवस आत मांस कमी असतं. त्यामुळे तिथी बघण्यापेक्षा उचलून बघणं सोपं. एकाच आकाराच्या दोन चिंबोऱ्यांमध्ये जी जड लागेल ती घ्यावी.

आणि मे महिना?

मे महिन्यात ताज्या मासळीची आवक उतरलेली असते आणि पर्यटकांमुळे मागणी चढलेली. पण याच वेळी सुक्या मासळीचा बाजार भरतो. वर्सोवा, उत्तन, अर्नाळ्याच्या किनाऱ्यांवर बांबूच्या वलांडींवर वाळवलेले बोंबील, जवळा, सोडे, बांगडे आगोटीच्या बेगमीसाठी घेतले जातात. पाऊस लागला की वाळवण बंद होतं आणि सुक्याचे भावही चढतात, त्यामुळे जुलैमधल्या महागड्या सुरमईला पर्याय हवा असेल तर तो मेअखेरीस, आभाळ भरून येण्याआधी, डब्यात भरून ठेवावा लागतो.