आकाशातील आगगाडी

आमच्या गावात रात्रीचे आकाश पाहण्याचे काम पूर्वी जोशीबुवांकडे असे. हल्ली ते शेतीपंपाकडे गेले आहे. पंपाची वीज पुष्कळदा रात्रीच येते, आणि ती आली की माणूस बॅटरी घेऊन दारे धरायला निघतो. असेच हरभऱ्याला पाणी देत असलेल्या आमच्या एका शेजाऱ्यांचा दोन-तीन वर्षांपूर्वी भल्या पहाटे मला फोन आला. "गुरुजी, लवकर भाईर या. वर आगगाडी जायलीय!"

धाब्यावर चढून पाहतो तो खरोखरच वायव्येकडून एक झगझगीत ओळ सरकत येत होती. दिव्यामागे दिवा, त्यामागे दिवा. ना आवाज, ना धूर. मी खाली आलो तेव्हा ओट्यावर लातूरहून आलेले आमचे पाहुणे जागे झाले होते. त्यांनी डोळे चोळत एकच विचारले, "पाण्याची हाय का?"

आम्ही सगळे हसलो. परंतु त्या प्रश्नात लातूरचा इतिहास होता. नांदेडला गाडी आली निजामी अमदानीत, गोदावरी खोऱ्याच्या मीटरगेजवरून. लातूरला आली 1911 साली, बार्शी लाइटची ती चिमुकली गाडी. पण लातूरकराला आज गाडी म्हटली की आठवते ती 2016 च्या एप्रिलातली. मिरजेहून दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी भरून ती पहिल्यांदा स्टेशनात शिरली, तेव्हा तिला पाहायला माणसे मध्यरात्रीपासून ताटकळली होती. नवा उजेड दिसला की माणूस त्याला आपल्या जुन्या अनुभवाचेच नाव देतो.

मात्र सगळीच नावे अशी हसण्याजोगी नसतात. माझे बालपण औसा तालुक्यात, किल्लारीपासून थोड्या कोसांवर गेले. 1993 च्या सप्टेंबरची 30 तारीख. अनंत चतुर्दशीची मिरवणूक आटोपून गाव नुकते कुठे निजले होते. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. पुढचे वाचकांना ठाऊक आहे. आमचे घर उभे राहिले, पण त्याच्या दगडमातीच्या भिंतींचा भरवसा कोणाला उरला नाही. कित्येक महिने आम्ही उघड्यावर, ताडपत्रीच्या कडेला निजत होतो. आकाश मी शिकलो ते त्या रात्रींत. आजोबा काठीने तिकांडे दाखवीत, बाज दाखवीत, आणि त्यांच्यावरून रात्र किती सरली ते सांगत.

एका रात्री त्या ओळखीच्या चांदण्यांमधून एक चांदणी संथपणे चालत गेली. आजीने माझे डोके पदराखाली ओढून घेतले. म्हणाली, "जमीन हलली ती हलली, आता चांदण्याबी हलायल्यात."

आजोबांनी तिला समजावले, ती चांदणी नव्हे, रशियाने सोडलेला चंद्र आहे. 4 ऑक्टोबर 1957 रोजी स्पुटनिक उडाला, तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात येऊन जेमतेम अकरा महिने झाले होते. हैदराबादच्या उर्दू वर्तमानपत्राची सवय काही त्यांची सुटली नव्हती. त्यामुळे उपग्रहाला ते अखेरपर्यंत 'मसनूई सय्यारा'च म्हणत. आपण स्पुटनिक डोळ्यांनी पाहिला, हा त्यांचा दावा होता. तो गोळा अवघा 58 सेंटिमीटरचा; नुसत्या डोळ्यांना दिसे तो बहुधा त्याच्या मागोमाग फिरणारा अग्निबाणाचा मोठा तुकडा. हे मी पुढे पुस्तकात वाचले, पण आजोबांना सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. शिवाय 1993 साली आमच्या डोक्यावरून गेलेला तो स्पुटनिक नव्हताच. तो तर 1958 च्या जानेवारीतच पडून जळाला होता. आजीचे समाधान मात्र झाले. चांदणी कोणीतरी सोडलेली आहे एवढे कळले तरी तिला पुरेसे होते.

हा 'कोणीतरी' दरवेळी इतक्या सहज सापडतो असे नाही. 2022 चा गुढीपाडवा, 2 एप्रिल. गुढ्या उतरवून झाल्या होत्या. रात्री आठच्या आतच विदर्भापासून खानदेश-मराठवाड्यापर्यंत लोकांनी आकाशात पेटत्या तुकड्यांची रांग पाहिली. कोणी उल्का म्हटले, कोणी विमान. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे सुमारे 3 मीटर व्यासाचे धातूचे कडेच येऊन पडले. वर्षभरापूर्वी उडालेल्या एका चिनी अग्निबाणाचा तो भाग असावा, असे परदेशातील जाणत्यांनी कक्षांची गणिते मांडून सांगितले. लाडबोरीकरांना ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून कळले. तोवरच्या रात्री त्यांनी कशा काढल्या असतील, ते आम्हा भूकंपवाल्यांना विचारावे.

आमच्या शेजाऱ्यांची आगगाडी मात्र जळत नव्हती. ती स्टारलिंकची. 24 मे 2019 रोजी अमेरिकेतील स्पेसएक्स कंपनीने असे 60 उपग्रह एकाच अग्निबाणाने वर नेले. ते चपटे, भाकरींच्या चळतीसारखे एकावर एक रचलेले. वर गेल्यावर चळत सोडून द्यायची, की ते एकामागे एक त्याच वाटेने धावू लागतात. पृथ्वीची एक फेरी दीड तासाची. त्या पहिल्या खेपेला ते सुमारे 440 किलोमीटर उंचीवर सुटले आणि तेथून हळूहळू 550 वर चढले. चढता चढता अंतरे वाढतात, तेज उतरते आणि गाडी मोडते; म्हणून ती उड्डाणानंतर थोडेच दिवस दिसते. दिसते तीही तिन्हीसांजेनंतर किंवा पहाटेच. विहिरीच्या तळाशी अंधार दाटला तरी काठच्या पिंपळाच्या शेंड्यावर ऊन असते ना, तसेच हे. आपल्याकडे रात्र असते आणि त्यांच्यावर ऊन पडलेले असते.

2025 अखेर या एकाच कंपनीचे नऊ हजारांवर उपग्रह वर होते. हा आकडा वाचला की मला निजामिया वेधशाळा आठवते. नवाब जफर जंग यांनी 1901 साली हैदराबादेत ती उभी करायला घेतली, 1908 पासून ती सरकारची झाली. साऱ्या आकाशाची छायाचित्रे काढून ताऱ्यांची मोजदाद करण्याचे काम तेव्हा अनेक देशांच्या वेधशाळांनी वाटून घेतले होते. दक्षिणेकडील 17 ते 23 अंशांचा पट्टा चिलीतील सांतियागोला जमला नाही, तो हैदराबादने पत्करला. आमचे पणजोबा ज्या राज्याला शेतसारा भरत, त्याच राज्यातील माणसे 8 इंची दुर्बिणीला काचा लावून वर्षानुवर्षे रात्री जागत होती. लाखो ताऱ्यांची स्थाने त्यांनी नोंदवली. आम्हाला शाळेत निजामाचा जुलूम शिकवला, तो शिकवायलाच हवा; पण ही वेधशाळा कोणी शिकवली नाही, याची खंत वाटते.

आणि त्याच चिलीत, सेरो टोलोलो येथील वेधशाळेच्या एका चित्रात 2019 च्या नोव्हेंबरात 19 स्टारलिंक उपग्रहांच्या रेघा उमटल्या. वहीवर कोणी नखे ओढावीत तशा. ज्योतिर्विदांनी तक्रार केली. कंपनीने उपग्रहांना काळा रंग देऊन पाहिला, झडपा लावून पाहिल्या. तेज थोडे उतरले, रेघा गेल्या नाहीत.

इकडे 5 नोव्हेंबर 2025 रोजी महाराष्ट्र सरकारने याच कंपनीशी इरादापत्र केले. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि आमच्या शेजारचा धाराशिव, या जिल्ह्यांतील दूरच्या शाळा व दवाखान्यांना त्या उपग्रहांवरून इंटरनेट द्यावे, असा बेत त्यात आहे. ही बातमी मी वर्गात वाचून दाखविली, तेव्हा मुलांनी गाडी पाहण्याचा हट्टच धरला. वेळ पाहून एका संध्याकाळी त्यांना शाळेच्या गच्चीवर नेले. गाडी आली. मुले मोठ्याने मोजू लागली. ती डोक्यावरून पूर्वेकडे कलली आणि पृथ्वीच्या सावलीत एकेक दिवा विझत गेला. कोणी एकवीस म्हणाले, कोणी तेवीस. शेवटचा विझला की अजून आहे, यावरून दोघांची जुंपली. खाली मोटारीची वीज आली होती. त्यांतल्या एकाचे वडील त्याला हाका मारीत होते.