मिरची, विनागर आणि माडावरचा माणूस



इतिहासाच्या व्यासपीठावर आम्ही स्वयंपाकघरातली बरणी आणून ठेवणार आहोत, याचे काहींना नवल वाटेल. आमचे शिक्षण विद्यापीठात झालेले नाही. गोदीच्या फाटकावर जे ऐकले आणि रात्री दिव्याखाली जे वाचले, तेवढीच आमची शिदोरी. परंतु खलाशांच्या संघटनेत उमेदीची वर्षे घालविलेल्या माणसाला गोव्याच्या तिखट-आंबट मसाल्याची बरणी टाळता येत नाही. माझगावच्या कोठल्याही खोलीत गोवेकर खलाशाची ट्रंक उघडली, की कपड्यांच्या आधी तिचाच वास येई.

हा मसाला म्हणजे रेशाद. शब्द पोर्तुगीज, अर्थ 'भरलेले'. बांगड्याच्या पोटात भरतात म्हणून हे नाव पडले. त्याचे दुसरे भावंड विंदालू. हॉटेलवाल्यांनी त्यात 'आलू' ऐकला आणि बटाटे घातले. मूळ शब्दात आहे तो द्राक्षाची दारू आणि लसूण. लिस्बनहून जहाजे वसंतात निघत, ती सहा महिन्यांनी गोव्यास लागत. एवढ्या प्रवासात मांस टिकावे म्हणून ते दारूत आणि लसणीत मुरवीत. 1510 साली अल्बुकर्कने गोवा घेतला तेव्हा ही युक्ती खलाशांबरोबर किनाऱ्यावर उतरली. इथे द्राक्षे नव्हती, माड होते. आणि अमेरिकेतून पोर्तुगिजांच्याच व्यापारी वाटेने मिरची आली. मुंबईकडे पूर्वी तिला 'गोवाई मिरची' म्हणत. ती कोठून आली हे त्या नावानेच सांगितले आहे. आपण तिला मिऱ्यावरून नाव दिले, आणि पुढे मिऱ्याला बाजूस सारून तीच पाटावर बसली.

येथवरचा इतिहास कोणत्याही पुस्तकात सापडतो, आणि तो वाचून वाटते की सगळे काही साहेबाच्या जहाजातून उतरले. परंतु बरणीतला मसाला टिकतो तो आंबटाच्या जोरावर, आणि ते आंबट माडावरून येते. गार्सिया द ओर्ता याचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात माडाची सूर आणि तिचे विनागर यांची माहिती आहे. लिन्शोटेन हा डच गृहस्थ 1583 नंतर काही वर्षे गोव्यात राहिला. त्यानेही सूर उन्हात ठेवली की विनागर होते, असे नमूद केले. माडावर चढणाऱ्याचे नाव मात्र दोघांनीही विचारलेले दिसत नाही.

त्याला गोव्यात रेंदेर म्हणतात, कोकणात भंडारी. (गंमत अशी, की जहाजावरच्या स्वयंपाक्यालाही खलाशी भंडारीच म्हणत.) रेंदेर दिवसातून तीन वेळा माड चढतो: सकाळ-संध्याकाळ सूर उतरविण्यास आणि दुपारी कातीने पोयीचा पातळ काप काढण्यास. काप चुकला की रस आटतो. दहा माड म्हणजे दिवसाला तीस चढण्या, तीही पावसाने निसरड्या झालेल्या खोडावर. गिरणीत एवढी जोखीम असती तर आम्ही फाटकावर लाल बावटा लावला असता!

ताज्या सुरेत साखर शेकडा पंधराच्या आसपास असते. हवेतले किण्व तासाभरातच कामास लागते आणि दिवसभरात साखरेची दारू होते. मग बरणीच्या तोंडास फडके बांधून ती काही आठवडे ठेवायची. झाकण घट्ट लावू नये, कारण दारूचे आंबट करणाऱ्या जंतूंना हवा लागते. हे पाश्चरने 1864 साली शास्त्राने सिद्ध केले, गोव्याच्या बायका फडके बांधून पूर्वीपासून पाळत होत्या. काही घरांत लाल तापविलेला कौलाचा तुकडा आत सोडीत.

पुढचे काम पाट्यावरचे. सुक्या लाल मिरच्या देठे काढून विनागरात भिजवायच्या, आणि लसूण, जिरे, मिरे, हळद, लवंग, दालचिनी घालून त्याच विनागरात वाटायच्या. पाण्याचा थेंब लागता कामा नये. पाणी गेले की आंबटपणा पातळ होतो आणि बरणी बुरसते. वाटणाऱ्या बाईचा हात दोन दिवस जळत राही. त्या कामाचा रोज कोणत्याही हिशेबात नाही.

कायद्याची नजर या धंद्यावर लवकरच गेली. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडीच्या झाडामागे कर बसविला, आणि त्याच वर्षीच्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने अबकारीची पद्धत गोव्यातही नेली. आमच्याकडे 1949 च्या दारूबंदी कायद्याने तर ताडीच गुन्ह्यात गेली. सूर आंबल्याखेरीज शिरका होत नाही. मग कोकणातल्या घरात तो व्हावा कोठून?

दरम्यान बरणी समुद्रावर गेली होती. इंग्रजी आगबोटींच्या मुदपाकखान्यांत गोवेकर मोठ्या संख्येने होते. मुंबईत ते धोबीतलावाच्या आसपास आपापल्या गावाच्या कुडांत उतरत. काम नसेल तेव्हा कूडच त्यांना पोशी. 1896 साली मुंबईतल्या खलाशांनी स्थापन केलेली पहिली संस्था याच माणसांच्या नावाने होती: गोवा-पोर्तुगीज सीमेन्स क्लब. विंदालू जगभर पोचविला तो या स्वयंपाक्यांनी, असे आम्ही धरतो. विलायती हॉटेलांनी त्यातले तिखट तेवढे उचलले.

आता बाजारात शिरका म्हणून पुष्कळदा असेटिक आम्ल पाण्यात घालून विकतात. बाटलीवर तसे लिहिण्याची सक्ती आहे, पण अक्षरे बारीक असतात. त्यानेही मसाला टिकतो, हे मान्य केले पाहिजे. जीभ मात्र ओळखते. काणकोणच्या खोला गावच्या मिरचीस 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही चांगली गोष्ट झाली. रेंदेराची मुले मात्र माड चढत नाहीत. त्यांना आम्ही दोष देत नाही. दिवसाला तीस चढण्या, पडला तर कोण पोशील याचा भरवसा नाही, आणि बाजारात आम्लाच्या बाटलीशी स्पर्धा! विनागराची बाटली घेताना दुकानदारास एवढेच विचारा, की हे माडाचे आहे काय, आणि असेल तर चढणाऱ्याला बाटलीमागे काय पडते.